माल्टाचे संत आणि एका संशोधकाचं चुकलेलं भाकीत

जत्रा, उत्सव, लोकपरंपरा यांवर संशोधन करायचं ठरवलं की आराखड्यात एक वाक्य जवळजवळ आपोआप येतं. ‘आधुनिकीकरणाच्या रेट्यात ही परंपरा लोप पावत असून तिचे दस्तऐवजीकरण ही काळाची गरज आहे.’ माझ्याही पहिल्या आराखड्यात ते होतं. सादरीकरणाच्या वेळी समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “लोप पावते आहे, म्हणजे कधीच्या मानाने?” मला उत्तर देता आलं नाही. उत्सव मी एकाच वर्षी पाहिला होता, आणि तो कमी होत चाललाय हे मला गावातल्या तीन म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं.

तुम्ही आराखडा लिहायच्या तयारीत असाल तर त्याआधी एक जुनं पुस्तक वाचा, असं मी सुचवेन. जेरेमी बॉयसवेन या डच मानववंशशास्त्रज्ञाचं ‘सेंट्स अँड फायरवर्क्स’. ते १९६५ साली आलं. विषय आहे माल्टा बेटावरच्या खेड्यांतले पालक संत आणि त्यांच्यावरून चालणारं राजकारण. वाचण्याचं कारण म्हणजे पुस्तक उत्तम आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं भाकीत साफ चुकलं आहे. एकाच पुस्तकात या दोन्ही गोष्टी कशा असू शकतात, हे समजून घेण्यासाठी आजचा लेख.

आधी माल्टा

सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात माल्टा, गोझो आणि कोमिनो ही लहान बेटं आहेत. सगळं मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. भाषा अरबी कुळातली, पण लिपी रोमन. धर्म रोमन कॅथलिक. १९६४ पर्यंत ब्रिटिशांची सत्ता, २००४ पासून युरोपीय संघाचं सदस्यत्व.

या देशाचा संत म्हणजे संत पौल. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांत कथा येते. कैदी म्हणून रोमला नेलं जात असताना पौलाचं जहाज वादळात फुटतं आणि जहाजावरचे सगळे २७६ जण बेटाच्या किनाऱ्याला लागतात. शेकोटीसाठी लाकडं गोळा करताना पौलाच्या हाताला साप डसतो, पण त्याला काही होत नाही. बेटाचा मुखिया पुब्लियस याच्या आजारी वडिलांना तो बरं करतो आणि तीन महिन्यांनी पुढे निघतो. परंपरेने ही घटना इ.स. ६० ची मानतात. १० फेब्रुवारीला तिचा सण असतो, देशाला सुट्टी असते. बेटावर जिकडे जाल तिकडे ही कथा जमिनीला चिकटलेली दिसते. संत पौलाचा उपसागर आहे, राबात गावात त्याची गुहा आहे. दगडांत सापडणारे शार्कचे अश्मीभूत दात आहेत, त्यांना लोक शतकानुशतकं ‘पौलाच्या जिभा’ म्हणत आले.

पण हा झाला राष्ट्राचा संत. त्याखाली प्रत्येक धर्मग्रामाचा स्वतःचा संत असतो आणि खरी धामधूम तिथे असते. उन्हाळाभर आज या गावी, उद्या त्या गावी ‘फेस्ता’ चालू असतो. वसईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांना शब्द लगेच ओळखू येईल. आपलं ‘फेस्त’ पोर्तुगीजातून आलं, त्यांचं ‘फेस्ता’ इटालियनमधून, मूळ एकच. रस्त्यांवर पताका, चर्चमध्ये लाल दमास्क कापडाचे पडदे, चौकाचौकांत उंच चौथऱ्यांवर पुतळे, सकाळपासून दारूकामाचे बार, पितळी वाद्यांचे बँड, नुगा विकणाऱ्या गाड्या, आणि शेवटच्या दिवशी खांद्यांवरून निघणारी संताची मूर्ती.

पुस्तक काय सांगतं

बॉयसवेन १९५० च्या दशकात ‘केअर’ या मदत संस्थेच्या कामासाठी माल्टात आले होते. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करताना, १९६०-६१ च्या सुमारास, त्यांनी तिथल्या खेड्यात कुटुंबासह राहून क्षेत्रकार्य केलं. किरकॉप हे त्यांचं मुख्य गाव. १९६९ च्या दुसऱ्या पुस्तकात ते ‘हाल-फारूज’ या बदललेल्या नावाने येतं.

त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. एवढ्याशा गावात दोन बँड क्लब कशासाठी? लोक एकाच धर्माचे, एकाच चर्चचे, बरेचसे एकमेकांच्या नात्यातले. तरी गावात दोन तट. एक तट गावाच्या मुख्य संताचा, दुसरा दुय्यम संताचा. किरकॉपचा मुख्य संत लिओनार्ड, आणि त्याच्यासमोर संत योसेफाचा तट. प्रत्येक तटाचा क्लब वेगळा, बँड वेगळा, वर्गणी वेगळी, दारूकाम करणारी मंडळी वेगळी. आपल्या संताच्या दिवशी बार किती उडाले, पाहुणा बँड कुठला आला, दिवे किती लागले, यावर वर्षभर चर्चा. चर्चचा नियम असा की दुय्यम संताचा उत्सव मुख्यापेक्षा मोठा होता कामा नये. मग त्या नियमाच्या काठावर किती पुढे जाता येईल यासाठी ताणाताणी, तक्रारी, धर्मगुरूंकडे खेटे, कधी बिशपपर्यंत प्रकरण.

आता बघा, इथे एखादा लेखक ‘भाबड्या श्रद्धेचे विलोभनीय दर्शन’ लिहून मोकळा झाला असता. बॉयसवेन तसं करत नाहीत. कोण कुठल्या तटात आहे, तट घराण्यातून कसा येतो, लग्नाने काय होतं, धर्मगुरू कुणाच्या बाजूला झुकतात, पैसा कुठून येतो, हे सगळं ते मांडतात. त्यातून दिसतं की संताच्या नावाने चाललेलं हे भांडण गावाची सार्वजनिक जागा कुणाची, याचं भांडण आहे. लहान गावात मान मिळवायच्या जागा मोजक्याच. ब्रिटिश सत्तेखाली खेड्याला स्वतःची निवडलेली नगरपालिकाही नव्हती. त्यामुळे क्लबाचा अध्यक्ष, खजिनदार, मूर्तीला खांदा देणारा, दारूकामाचा उस्ताद या पदांना वजन आलं. पुस्तकाचा हा भाग आजही टिकून आहे, कारण प्रत्येक दाव्याखाली पाहिलेली, मोजलेली गोष्ट आहे.

भाकीत

याच पुस्तकात बॉयसवेन म्हणतात की हे उत्सव आता उतरणीला लागले आहेत. कारणं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तरुण माणसं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंडला निघाली होती. शिक्षण वाढत होतं, करमणुकीच्या नव्या जागा निघत होत्या. शिवाय राजकीय पक्षांनी गावात नवी फूट पाडली होती.

ही फूट किती खोल होती, हे माहीत नसेल तर त्यांचा अंदाज कळणार नाही. मजूर पक्षाचे डॉम मिंटॉफ आणि आर्चबिशप मायकेल गोन्झी यांचं भांडण तेव्हा शिगेला पोहोचलं होतं. १९६१ साली चर्चने मजूर पक्षाच्या कार्यकारिणीला धार्मिक संस्कार बंद केले. त्या पक्षाला मत देणं महापाप ठरलं. पक्षाच्या काही माणसांना पवित्र न केलेल्या जमिनीत पुरलं गेलं. हा तंटा १९६९ मध्ये मिटला. अशा वेळी गावात बसलेल्या संशोधकाला वाटलं की चर्चची पकड सैल होणार आणि तिच्यासोबत संतही मागे पडणार, तर त्यात नवल नाही.

१९७७ साली त्यांनी आणखी एक निबंध लिहिला, ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग आउट’. त्यातला युक्तिवाद देखणा आहे. खेड्यातला माणूस सरकारकडे थेट जात नसे, धर्मगुरू, वकील, डॉक्टर यांच्यामार्फत जात असे. देवाकडेही थेट न जाता संतामार्फत जात असे. वशिल्याची दोन्ही रूपं एकमेकांना आधार देत. आता शिक्षण, कामगार संघटना आणि सरकारी योजना आल्या, खालचे मध्यस्थ नको झाले, तसे वरचेही नको होणार. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनंतर चर्चनेही संतांचं प्रस्थ कमी करायला घेतलं होतं. म्हणजे संत निघाले.

मग झालं काय?

संत गेले नाहीत. १९७० च्या दशकात परदेशी जाणारा लोंढा ओसरला. लोकांच्या हाती पैसा आला. आणि उत्सव वाढले. बँडच्या मिरवणुका वाढल्या, दारूकाम वाढलं, दुय्यम संतांचे उत्सव फुगले. इतकंच नाही, शुभ शुक्रवारच्या मिरवणुकांतही वेषधारी पात्रं आणि देखावे वाढत गेले. बॉयसवेन माल्टाला पुन्हा पुन्हा येत होते आणि हे सगळं पाहत होते.

इथून पुढचं त्यांचं वागणं मला पुस्तकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. १९८४ मध्ये त्यांनी माल्टातल्या कर्मकांडाच्या वाढीवर निबंध लिहिला, शीर्षकातच ‘एस्कलेशन’ हा शब्द. १९९२ मध्ये ‘रिव्हायटलायझिंग युरोपियन रिच्युअल्स’ हा ग्रंथ संपादित केला. त्याच्या प्रस्तावनेत ते उघड सांगतात की उत्सव उतरणीला लागतील असं मला वाटलं होतं आणि तसं झालं नाही. मग ‘माल्टा हा अपवाद’ म्हणून ते विषय सोडून देत नाहीत. युरोपात इतरत्रही हेच होतंय का, हे पाहायला दुसऱ्या अभ्यासकांना सोबत घेतात. चुकलेल्या भाकिताचा त्यांनी नवा संशोधनप्रश्न केला.

त्यांच्या लक्षात आलेली एक बारीक गोष्ट सांगते. वाढ सगळीकडे सारखी नव्हती. चर्चच्या आतले विधी तेवढेच राहिले, वाढला तो बाहेरचा, रस्त्यावरचा, खेळकर भाग. दुपारच्या बँड मिरवणुकीत बिअर पीत नाचणारी पोरं, त्यांची गाणी, टोप्या, रंग. आधी गाव म्हणजे रोजचं एकत्र जगणं होतं. नोकरी, गाडी, टीव्ही आल्यावर ते रोजचं एकत्र असणं विरळ झालं, तशी वर्षातून एकदा ‘आपण’ होण्याची गरज वाढली. पर्यटन वाढल्याचाही यात वाटा होता, पण खेड्यातला फेस्ता पाहुण्यांना दाखवायला उभा राहिलेला नव्हता. गाव तो स्वतःसाठीच करत होतं.

चूक नेमकी कुठे होती?

मागून पाहून चूक काढणं सोपं आहे. परदेशी जाणं थांबेल, पगार वाढतील, हे १९६१ मध्ये कुणाला कळणार होतं? तेवढ्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. पण तीन गोष्टी त्यांच्या हातात होत्या असं मला वाटतं.

पहिली, मोजणीचा काळ. त्यांनी गाव पाहिलं ते ओहोटीच्या वेळी. माणसं जात होती, चर्च आणि पक्ष एकमेकांच्या अंगावर होते. एका काळात घेतलेल्या चित्रावरून दिशा सांगायची तर निदान दुसरं चित्र हवं. त्यांच्याच पुस्तकातला इतिहास सांगतो की क्लब आणि तट वाढले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, म्हणजे बेटावर बदल चालू असतानाच. मग यापुढचे बदल त्यांना मारतीलच, हे गृहीत का धरायचं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पुस्तकातला पुरावा आणि पुस्तकातला निष्कर्ष इथे एकमेकांशी भांडतात. पानोपानी दिसतं की चर्च या उत्सवांना आवर घालायला बघतं आणि क्लब तो आवर जुमानत नाहीत. म्हणजे उत्सवाची ताकद चर्चच्या ताकदीतून येत नव्हती, बऱ्याचदा तिच्या विरोधात उभी होती. मग चर्च दुबळं झाल्यावर उत्सवही दुबळा होईल हे कशावरून? उलट आवर घालणाराच कमजोर झाला तर उत्सव मोकाट सुटेल, असंही त्याच पुराव्यावरून म्हणता आलं असतं.

तिसरी, ‘संत’ हा शब्द. एकाच संताची निदान दोन कामं असतात. एक, तो मध्यस्थ आहे. आजारपणात, परीक्षेत, नोकरीसाठी त्याला साकडं घालायचं. दुसरं, तो गावाची किंवा तटाची खूण आहे. त्याच्या नावाने ‘आम्ही’ म्हणायचं. १९७७ च्या निबंधातला युक्तिवाद पहिल्या कामाबद्दल आहे आणि तिथे तो पुष्कळसा पटतो. पण पहिलं काम कमी झालं म्हणून दुसरं कमी होत नाही. संताला साकडं न घालणारा पोरगाही त्याच्या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडू शकतो. शब्द एक राहिला आणि अर्थ दोन, इथेच पाय घसरला. आपल्या प्रबंधांत ‘श्रद्धा’, ‘परंपरा’, ‘समाज’ हे शब्द आपण कितीदा असेच सोडून देतो, आठवून पाहा.

जे या भिंगातून दिसत नाही

बॉयसवेन यांचं भिंग राजकारणाचं आहे. त्यातून चौक, क्लब, समिती स्वच्छ दिसतात. पण खांद्यावर मूर्ती घेतलेल्या माणसाला आत काय वाटतं, हे त्यातून फारसं कळत नाही. त्यासाठी जॉन मिचेल यांचं ‘अँबिव्हॅलंट युरोपियन्स’ (२००२) वाचा. राजधानी वालेटामधल्या संत पौलाच्या उत्सवाचा हा अभ्यास आहे. तिथल्या चर्चमध्ये सतराव्या शतकात मेल्कियोरे काफा या शिल्पकाराने घडवलेली पौलाची लाकडी मूर्ती आहे. १० फेब्रुवारीला ती रस्त्यावर येते. मिचेल दाखवतात की लहानपणी पाहिलेली मिरवणूक, अंगाला लागलेलं ओझं, खांद्यावर उठलेला वळ, यांतून संत माणसाच्या स्मृतीत आणि शरीरात बसतो. बॉयसवेन यांच्या भाकितात हा घटक धरलेलाच नव्हता. तट बदलता येईल, अंगात भिनलेली आठवण कशी बदलणार?

मिचेल यांच्या पुस्तकात आणखी एक पदर आहे. माल्टा युरोपचा की नाही, या वादात संत पौल साक्षीला येतो. ‘आम्ही इ.स. ६० पासून ख्रिस्ती आहोत’ असं म्हटलं की बेट रोमइतकं जुनं ठरतं. पण भाषा तर अरबी कुळातली. इ.स. ८७० मध्ये बेट अरबांच्या ताब्यात गेलं होतं. गॉडफ्रे वेटिंजर या माल्टीज इतिहासकाराने पौलापासून आजपर्यंत अखंड ख्रिस्ती परंपरा असल्याच्या समजुतीला आव्हान दिलं, तेव्हा तो वाद केवळ मध्ययुगाचा राहिला नाही. संताच्या कथेला हात लावणं म्हणजे ‘आम्ही कोण’ या प्रश्नाला हात लावणं. खेड्यातल्या तटांसाठी लिओनार्ड आणि योसेफ जे करतात, तेच राष्ट्रासाठी पौल करतो.

आपल्याकडच्या तुलनेचा मोह

इथवर वाचताना तुमच्या मनात ग्रामदैवत, पालखीचा मान, दोन गल्ल्यांची दोन गणेश मंडळं हे सगळं येऊन गेलं असेल. माझ्याही आलं. तुलना करा, पण जपून. कॅथलिक संत हा देव नव्हे, तो देवाकडे शब्द टाकणारा माणूस आहे. त्याच्यावर धर्मग्राम, धर्मप्रांत, रोम अशी एक रचना आहे, ती नियम काढते आणि त्या नियमांशी झगडण्यातूनच दुय्यम संताचा तट तयार होतो. ग्रामदैवताच्या डोक्यावर अशी एकसंध रचना नसते. त्यामुळे ‘माल्टाचा संत म्हणजे त्यांचं ग्रामदैवतच’ हे वाक्य वर्गात समजावायला ठीक, प्रबंधात नको. तुलना करायचीच तर प्रश्नाची करा. मान मिळवायच्या जागा कमी असताना उत्सव काय काम करतो? हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो.

तुमच्या आराखड्यासाठी

माल्टातल्या खेड्यांचा फेस्ता २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. त्याला काळी बाजूही आहे. २०१० मध्ये गोझोतल्या दारूकामाच्या कारखान्यात स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला, आणि तशी दुर्घटना ती एकच नव्हती. पण लोप पावणारी परंपरा म्हणावी असं तिथे काही दिसत नाही. आता प्रश्न वेगळा आहे. तटांच्या भांडणावर वाढलेला उत्सव ‘सगळ्या समाजाचा वारसा’ म्हणून जपायला घेतला की त्या भांडणाचं काय होतं? हा प्रश्न घेऊन कुणीतरी आज किरकॉपला जायला हवं.

बॉयसवेन २०१५ मध्ये गेले. त्यांच्या कामाकडून मी माझ्या आराखड्यासाठी तीन प्रश्न घेतले, ते तुम्हीही वापरा. कमी होतंय म्हणता, तर कधीच्या मानाने, आणि त्या वेळचा पुरावा काय? नेमकं काय कमी होतंय: साकडं, विधी, गर्दी की खर्च? आणि तुमच्याच नोंदवहीत तुमच्या निष्कर्षाच्या उलट जाणारं काही आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर नोंदवही पुन्हा वाचा.

मी ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘या उत्सवातल्या कोणत्या गोष्टी गेल्या चाळीस वर्षांत वाढल्या आणि कोणत्या घटल्या, याचा शोध.’ काम तिप्पट झालं. क्लबांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं, छापील कार्यक्रमपत्रिका शोधत हिंडावं लागतंय. पण आता मॅडमनी पुन्हा विचारलं तर सांगायला काहीतरी आहे. तुमच्या आराखड्यात ते वाक्य असेल तर आधी त्याच्यासमोर ‘कधीच्या मानाने?’ लिहा आणि काय सापडतं ते मलाही कळवा.